हंसाला नैवेद्य

१४ एप्रिल, फेल्डहोवन

कालव्याकाठच्या मराठी शेजाऱ्यांनो, हंसांच्या घरट्यामुळे आपली सायकलची वाट अडली, ही आपली सगळ्यांची तक्रार. इथवर भाषण लिहिलं आणि थांबले. पाडव्याच्या कार्यक्रमात मीच गरजले होते ना, सरस्वतीचं वाहन आपल्या दारी आलंय म्हणून? टाळ्याही कडकडून घेतल्या.

आज शेजारच्या काकू पोळी घेऊन थेट घरट्यापाशी गेल्या. नर पंख पसरून फिस्कारत अंगावर आला. मागे सरायचं सोडून काकूंनी हात जोडले. त्याच्या धडकेने पडल्या, मनगट मोडलं.

"काकू, तो अंडी राखत होता हो."

"अगं, नैवेद्य नेला होता. तूच सांगितलंस ना?" म्हणाल्या, आणि दुसऱ्या, धड हाताने मलाच थोपटलं.

चिखलातली ती पोळी डोळ्यांपुढून हलत नाही. शेजाऱ्यांच्या ग्रुपवर दोनदा बजावलं, घरट्यापाशी जाऊ नका, तर उत्तरादाखल नुसते जोडलेले हात आले. उद्या आणखी कोणीतरी पोळी नेणार. देव उभा करणं मला जमलं, उतरवणं जमत नाही. माझं आता कोण ऐकणार? तरी भाषण पुरं करते: पिल्लं पाण्यात उतरेपर्यंत पलीकडच्या काठाने जा.