तुझ्या वाटच्या टाळ्या

बाळा,

तू घर सोडून गेलास, कुठे आहेस ठाऊक नाही, त्यामुळे हे पत्र उशीखालीच राहणार.

"आधी तू जाऊन बघ, मग मी येतो," म्हणायचास ना? दारू सोडणाऱ्यांची ती बैठक शोधता शोधता माझ्या नाकीनऊ आले. तिथे फक्त पिणाऱ्यांनीच बसायचं, हे खुर्चीत टेकल्यावर कळलं. उठवतील या भीतीने मी म्हटलं, "मी पिते. पण आज प्यायले नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या गवंड्याने आपला चहा माझ्यापुढे सरकवला. म्हणाला, "रडा मावशी, पहिल्या दिवशी सगळेच रडतात."

आता दर आठवड्याला जाते. दार करकरलं की मान वळते. तू येईपर्यंत तुझ्या वाटच्या टाळ्या मीच घेते.

कधी थेंबही न चाखलेली,
तुझी आई