पालपिट्ट्याचा निळा

९ ऑक्टोबर १९५६
आज घरात पाखरं आली! कागदावरची. नामपल्लीच्या फ्रेमवाल्या करीममियाँनी माझ्या नातीला, जयवंताला दिली – जुन्या इंग्रजी ग्रंथातली, नुसत्या छापील रेघांची. रंग हातानं भरायचा, सोबतच्या नमुन्याबरहुकूम. विलायतेत म्हणे पूर्वी बाया ओळीनं बसायच्या. एकीनं एकच रंग भरायचा, कागद पुढं सरकवायचा. भाकरीसारखंच की – एकीनं थापायची, एकीनं भाजायची!
लिहिता लिहिता दूध उतू गेलं.

१० ऑक्टोबर
हिम्मतराव कचेरीतून आला, चप्पल न काढताच बोलला – "आई, पहिल्या तारखेपासून हैदराबाद राज्य मोडणार. माझी औरंगाबादला बदली." म्हटलं, बांधते गाठोडी. तर म्हणतो, "तिथं एकच खोली मिळालीय. तू सध्या चिक्कडपल्लीला कुसुमताईकडं राहा."
सध्या!
कुसुम माझीच लेक, गुणाची आहे. पण जयवंता जन्मल्यापासून माझ्या कुशीला.

१२ ऑक्टोबर
एका जागी बसवेना, म्हणून मीच ब्रश धरला. पालपिट्टा होता – आपला नीलकंठ. भरला निळा, चोचीपासून शेपटीपर्यंत! करीममियाँ पोट धरून हसले. "अम्मा, बैठे सो का सीना भूरा रहता. नमुना तो देखो!" म्हटलं, दरवर्षी दसऱ्याला बघते मी, निळाच असतो. "वो उडता सो, अम्मा!"
पण डाग न पडता उतरला म्हणाले. मग ठरलं – निळा माझा, बाकीचे रंग जयवंताचे.

१४ ऑक्टोबर, दसरा
पारधी पिंजऱ्यात पालपिट्टा घेऊन दारी आला. आज त्याचं दर्शन झालं की मनातलं होतं म्हणतात. बसलेला – खरंच भुरा! करीममियाँ जिंकले. पण मला राहवेना. नवं लुगडं पारध्याच्या हातात दिलं, म्हटलं, सोड त्याला. सूनबाई ओरडली, "अहो आत्याबाई, घडीसुद्धा मोडली नव्हती!"
उडाला – आणि निळाच निळा! मीही खोटी नव्हते!
काय मागितलं ते लिहीत नाही.

२३ ऑक्टोबर
करमत नाही. जयवंता कागद पुढं सरकवतच नाही. "माझेच रंग व्हायचेत, आजी." वाटीतला निळा वाळून गेला. आत्तापासूनच माझ्यावाचून राहायची सवय करते की काय पोर?

३० ऑक्टोबर
ट्रंका बांधल्या. काचीगुड्याला गाडी त्यांची, चिक्कडपल्लीला मी. टांगा दारात. करीममियाँ पाखरं न्यायला आले. जयवंतानं पुडकं सोडलं – छाती भुरी, पाय पिवळे, आणि सगळे पंख कोरे!
हिम्मतराव तापला. "निळा कुठाय?"
"तो आजीचा. मी कशी भरू?"
"येत नाही तुला?"
"येतो. भरणार नाही."
करीममियाँ दाढी कुरवाळत म्हणाले, "मेरेकू क्या जल्दी है, साब? औरंगाबादसे रेल आती ना, नीला भरके भेज दो."
टांगेवाल्यानं विचारलं, "अम्मा कू किधर छोडूँ?"
हिम्मतरावानं माझं गाठोडं उचलून त्यांच्या ट्रंकांवर ठेवलं.

४ नोव्हेंबर, औरंगाबाद
खोली खरंच एवढीशी आहे. पाय लांब केला की वाटी लवंडते. पण निळा इथल्या पाण्यातही तसाच उतरतो!