गोठ्यातली सायकल

११ ऑगस्ट, रविवार

आज पुन्हा पडली. तेच ते वळण – टेकडीवरून उतरताना, बाभळीपाशी. गुडघा सोलला. पण सायकलीले काईच झालं नाही! मांगचा शॉकअप असा दबला न असा उठला, जसा कोणी खालून तळहात लावला.

फाट्यावर गावातलं पोरगं संघर्ष न त्याचे दोस्त बसेल होते. "ए स्प्रिंगवाली! सायकल हाय का पलंग?" सगळे खी खी. मी मान खाली घालून निघून आली. मले उत्तर येते. घरी आल्यावर येते.

१३ ऑगस्ट

मामा पुण्याले सोसायटीत वॉचमन हाय. तठचा एक पोरगा परदेशात गेला न सायकल खाली पार्किंगमधी धूळ खात पडली. त्याची माय म्हणे घेऊन जा. मामानं ती ट्रकवर टाकली, ट्रक नांदुऱ्याले आला, तठून बाबानं घरी आणली. म्होरं शॉकअप, मांगं शॉकअप, दोन्ही चाकाले लोखंडी चकतीचे ब्रेक. मामा फोनवर म्हणे, "आता शाळा दूर हाय असं सांगाचं नाही, पर्तीक्षे!"

दूर हे कारण नव्हतंच. नववीत सरनं धडा वाचाले उभं केलं न आवाजच निघाला नाही. पुस्तक डोळ्याम्होरं, अक्षरं बी दिसून राह्यलेत. तास संपेपर्यंत उभी. दुसऱ्या दिवशी पोट दुखलं. तिसऱ्या दिवशी बी. मंग कोणी विचारलंच नाही, न मी गेलीच नाही.

सायकल गोठ्यात राहते. मांगच्या वर्षी आमचा चांद्या बैल लम्पीनं मेला. कैऱ्या एकटा जोतावर कसा चालंल? बाबानं त्याले विकला. तव्हापासून ते गोठ्यात पाय ठेवत नाही. मी कैऱ्याच्या जागी सायकल उभी केली तव्हा दारातूनच म्हणे, "बैलाच्या दावणीले लोखंड बांधलं." एवढंच. मंग तंबाखू मळत बसले.

१८ ऑगस्ट, रविवार

टेकडीवर आज बुलढाण्याची माणसं होती. टोप्या, चश्मे, चकचकीत सायकली. मी बाभळीच्या वळणावरून उतरली न पडली नाही – न तेच नेमकं त्याइनं पाह्यलं!

एक मॅडम जवळ आली. पुष्पांजली मॅडम. म्हणे, "कोणी शिकवलं तुला?" मी सायकलीकडं पाह्यलं. ती हसली. म्हणे पंधरा सप्टेंबरले बुलढाण्यात डोंगरावर सायकलीची शर्यत हाय. पोरीत पहिल्या तीन येतील त्याइले पुण्याच्या सराव केंद्रात घेतात. "राहणं-खाणं सगळं त्यांचं. दहावी बाहेरून देता येईल. येशील ना?"

मी मान हलवली. मान तरी हलली!

२० ऑगस्ट

जनकाआत्या शेगाववरून आली. ती लॉजवर कामाले हाय. माह्यासाठी बी काम पक्कं करून आली – चादरी बदलाच्या, खोल्या झाडाच्या, राहाचं तिच्याचजवळ. "बोलाचं काम नाही तठी," म्हणे, "चादरी काई विचारत नाही."

आई म्हणे, "पोरीले जमंल असंच काम हाय बाई."

मी आईले चुलीपाशी शर्यतीचं सांगतलं. आईनं बाबाले सांगतलं. बाबानं पाण्याचा तांब्या रिता केला. मंग म्हणे, "नंबर आला तर जाऊ दे पुण्याले. नाही आला तर दसऱ्याच्या आत शेगाव. न ते लोखंड फाट्यावर शकीलच्या सायकलच्या दुकानी विकाले ठेवू."

म्हंजे एकच दिवस हाय माह्याजवळ. पंधरा तारीख.

२४ ऑगस्ट

शकीलभाऊच्या दुकानी गेली. फाट्यावर त्याच्याशिवाय या सायकलीले कोणी हात लावत नाही. पहिल्यांदा तो बी घाबरला होता, मंग मोबाईलवर पाहू पाहू शिकला. आज म्होरचा-मांगचा ब्रेक खोलून साफ करून देला. मी चकतीवर बोट फिरवलं तं वस्सकन ओरडला – "हात नोको लावू वं! बोटाचं तेल लागलं तरी हा ब्रेक रुसते. चेनले तेल, चकतीले काईच नाही. घरी सांगून ठेव सगळ्याइले."

हाव म्हटलं. घरी आली. बाबा जेवून राह्यले होते. कुठून सुरू करू समजलं नाही. राहिलं.

२९ ऑगस्ट

बाभळीचं वळण तीनदा उतरली. तीनदा!! वरून उतरताना जे भेव वाटते ना, ते शाळेत वाटाचं तेच. पण इथं चालते. इथं कोणी वाचाले उभं करत नाही.

१ सप्टेंबर, रविवार

आज खांदशेकणी. उद्या पोळा. सगळ्याइच्या दारात बैलाची खांदं लोण्या-हळदीनं शेकणं चालू. कानापाशी जाऊन म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

आपल्या दारात कोणीच नाही. आईनं सवयीनं लोणी कढवलं, हळद टाकली, पळसाची पानं बी आणली. मंग वाटी हातात घेऊन तशीच उभी. बाबा म्हणे, "ठेव तठी."

काजल – शेजारची, सातवीतली, तोंडाची लय फाटकी – भिंतीवरून ओरडली, "काका, तुमचे बैल कुठी गेले?" तिच्या मायनं तिले रपाटा देला.

मी लवकर झोपली. उद्या पहाटीच टेकडीवर जाणं हाय, मंग दिवसभर सणाची गर्दी.

५ सप्टेंबर

डावा हात गळ्यात बांधेल हाय. उजव्यानं लिहून राह्यली.

पोळ्याच्या पहाटी नीट उजाडलंही नव्हतं. गोठ्यातून सायकल काढली. तुपाचा वास येऊन राह्यला होता. वाटलं सणाचा दिवस, आईचं चालू असंल. टेकडीवर चढेपर्यंत सगळं बरं. चढताना ब्रेक कोण दाबते?

उतरताना दाबला. काईच नाही. दोन्ही दाबले. मूठ पार आतमधी गेली न चाक तसंच पळते. आवाज बी नाही. शॉकअप आपले दबून राह्यले, उठून राह्यले – त्याइचं काम त्याइनं इमानानं केलं. बाभूळ दिसली. मंग आभाळ दिसलं.

नांदुऱ्याच्या डॉक्टरनं फोटो काढला. गळ्याजवळचं खांद्याचं हाड मोडलं. महिनाभर हात हलवाचा नाही.

पंधरा तारीख किती दूर हाय ते मले माहीत हाय.

७ सप्टेंबर

दुपारी फाट्यावर बाबा न शकीलभाऊचं भांडण झालं. काजल पळत सांगाले आली, डोळे एवढाले करून. बाबा सगळ्याइसमोर म्हणे, "पोळ्याच्या आठ दिवसाआधी तूच खोलला होता ना ब्रेक? माह्या पोरीचा जीव गेला असता!" शकीलभाऊ म्हणे, "उत्तमरावभाऊ, सायकल माह्याकडं ठेवा, मी पाह्यतो." बाबा म्हणे, "आता काय पाह्यतं?" संघर्ष न दोनचार जण बी मधी पडले – मोबाईलवर पाहून मिस्त्री झाला म्हणे, तेरे से नाही होता तो मत कर.

सायकल दुकानापुढं टाकून बाबा घरी आले. माह्याकडं पाह्यलं नाही. बाबाले असं कोणासाठी भांडताना मी कधी पाह्यलं नव्हतं. ते बी माह्यासाठी. न मले आनंद झाला नाही.

१० सप्टेंबर

शकीलभाऊ न त्याची बायको बानोभाभी मले पाहाले आले. बाबा वावरात होते. भाभी आईसंग आत गेली तव्हा शकीलभाऊनं खिशातून एक फडकं काढलं. पिवळं.

"वास घे."

तूप. न हळद.

म्हणे, "दोन्ही चकत्याइले. ब्रेकच्या पॅडमधी मुरलं पार. मांगच्या शॉकअपले तं असं चोपडलं, जसं खांद शेकतात."

मी त्या फडक्याकडं पाहातच राह्यली. वाटी. पळसाची पानं. "ठेव तठी."

शकीलभाऊ हळूच म्हणे, "तुह्या बाबानं सायकलीले बैल मानलं वं. आवतन बी देलं असंल. आता म्या कसं सांगू त्याले, का त्याच्याच हातानं…" फडकं पुन्हा खिशात. "राहू दे. लोक आठ दिवस बोलतात न इसरतात. तू बी नोको सांगू."

आई चहा घेऊन आली. शकीलभाऊ मोठ्यानं म्हणे, "चुकलंच माह्यं, वैनी."

मी तठीच बसेल होती.

१५ सप्टेंबर, रविवार

आज शर्यत. पाऊस नव्हता. ऊन चांगलं होतं.

२२ सप्टेंबर

लोक आठ दिवसात इसरत नाहीत. काजल म्हणे आता सगळे पंचर काढाले पुढच्या फाट्यावर जातात. शकीलभाऊ दिवसभर टायरवर बसून राहते. संघर्षनं त्याच्या पाटीखाली कोळशानं लिहिलं – ब्रेक आपल्या जबाबदारीवर. भाभीनं पुसलं, त्यानं पुन्हा लिहिलं.

मी एक वाक्य बोलली तं सगळं थांबते. पण ते वाक्य बाबाच्या छातीवर जाऊन पडंल. नाही बोलली तं शकीलभाऊच्या. गोठ्यात जाऊन रिकाम्या दावणीले बोलून पाह्यलं. तिच्यासमोर बी आवाज नाही निघाला.

आत्या म्हणे तेच बरं – चादरी काई विचारत नाही.

२७ सप्टेंबर

जनकाआत्याचा फोन. "नवरात्रात गर्दी राहते, धाड तिले. झाडू एका हातानं बी मारता येते."

९ तारखेची सकाळची बस ठरली.

३ ऑक्टोबर

पट्टा सुटला. हाड जुळलं, पण वर एक गाठ राह्यली. हात लावला का समजते. सायकल शकीलभाऊच्या दुकानामांगं ताडपत्रीखाली हाय म्हणे. विकली नाही अजून. कोण घेईन? गावात सगळ्याइले माहीत हाय ते पाडते म्हणून.

८ ऑक्टोबर, मंगळवार

आईनं पिशवी भरली. दोन ड्रेस, चादर, गजानन महाराजाचा फोटो. शेगावलेच जाणं हाय तं फोटो कशाले?

दिवेलागणीले बाबानं गोठ्यातून हाक मारली. बाबा गोठ्यात! खाली पोतं टाकेल होतं. बाजूले वाटी, पळसाचं पान. "बस," म्हणे. "उद्या वझं उचलाचं हाय तुले."

तूप कोमट होतं. बाबाचा हात एवढा खरबरीत, पण खांद्यावर असा हळू फिरला, का मले त्या हाताची ओळखच पटेना. गाठीजवळ आला का थांबाचा, मंग बाजूनं जाचा. माह्या डोक्यावरून ते कुठंतरी भिंतीकडं पाहून राह्यले होते. पुटपुटले. मले नाही, सवयीनं. "आज आवतन घ्या, उद्या…"

उद्या मी जेवाले नाही. हे त्याइले बी मधातच समजलं. थांबले.

न तव्हाच माह्या तोंडून निघालं. कसं निघालं माहीत नाही. आवाज फाटका निघाला, पण निघाला.

"बाबा, तूप ब्रेकले चालत नाही."

हात तसाच खांद्यावर राह्यला. बाहेर आईनं भांडं ठेवलं त्याचा आवाज आला. बाबानं वाटीत पाह्यलं. मंग कैऱ्याच्या जागेकडं पाह्यलं, जठी सायकल राहाची. मले वाटलं ओरडतील. मले वाटलं रडतील.

म्हणे, "शकीलले माहीत होतं?"

मी मान हलवली.

वाटी तठीच ठेवून बाबा बाहेर गेले. जेवले नाही. आईनं विचारलं काय झालं, तं मी बी सांगतलं नाही. एका दिवसात एवढंच पुरे. का मी हे बोलली? कैऱ्या गेला तव्हाची त्याइची पाठ मले आठवते. तशीच पाठ होती जाताना.

९ ऑक्टोबर, बुधवार

काजल आली, धापा टाकत. बाबा उजाडताच फाट्यावर गेले म्हणे. गर्दीच्या वक्ती दुकानापुढं उभं राहून मोठ्यानं म्हणे, "ब्रेकले तूप म्या लावलं. शकीलची चूक नाही. संघर्ष, ते लिहिलेलं पूस." पुन्हा म्हणे. जो नवा माणूस टेकला, त्याच्यासमोर पुन्हा. आता सायकल खांद्यावर टाकून येऊन राह्यले, चाक वाकडं हाय म्हणून ढकलता येत नाही.

मी पिशवी घेऊन वट्यावर बसली. घरापुढच्या रस्त्यावर शेगावची बस आली. थांबली. गेली.

मले कोणी ऊठ म्हटलं नाही.