फुग्यावरची दाढी

प्रिय होऊ घातलेले डॉक्टर,

तुझा प्रबंध सुरू झाल्याला काल अकरा शनिवार झाले. आठवडे म्हणत नाही, कारण बाकीचे सहा दिवस तुझ्यावाचून या घराचं कधी अडलं नव्हतं. शनिवारी नऊला तू यायचास, बाबांची दाढी करायचास, त्यांच्यापाशी बसायचास, आणि तेवढे तीन तास मी मोकळी असायचे. पोहायला जायचे, ओल्या केसांनी बाजार करायचे, कुणाशी तरी चार शब्द बोलायचे. आता पोहायचा पोशाख कपाटाच्या तळाशी पडलाय. "ताई, पहिलं प्रकरण मार्गी लागू दे, मग येतोच," असं तू फोनवर म्हणालास. तुझ्या बायकोकडून कळलं की टेबल खिडकीकडून भिंतीकडे गेलं, भिंतीकडून पुन्हा खिडकीकडे आलं, नवा दिवा आला, टिपणांची कार्डं रंगांप्रमाणे लावून झाली. प्रकरण मात्र जागचं हललेलं नाही.

बाबांना हे कोण समजावणार? चाळीस वर्षं लोकांच्या दाढ्या केलेला माणूस. हात थरथरायला लागल्यावर वस्तरा त्यांनी फक्त तुझ्या हातात दिला. तू येईनासा झालास तरी दर शनिवारी सातला उठायचे, कोमट पाण्याने गाल शेकायचे, खांद्यावर टॉवेल टाकून खुर्चीत बसायचे. साडेदहाला टॉवेलची घडी करून ठेवायचे. मी मशीन आणलं तर म्हणाले, "हे गवत कापायला ने." वस्तरा उचलला तर तोंड भिंतीकडे फिरवलं. दाढी हनुवटीखाली उतरली, दूध पिताना भिजायची, खाजवून खाजवून गळ्यावर चट्टे उठले. रस्त्यात जुनं गिऱ्हाईक दिसलं की खिडकीतून मागे सरकायचे. त्यांना लाज वाटत होती, आणि ती वेळ तू आणली होतीस.

वर तुझा विषय काय, तर बापाकडून मुलाकडे हातातलं कसब कसं जातं! हसावं की डोकं आपटून घ्यावं? मागच्या आठवड्यात वाचायला म्हणून जे पाठवलंस, त्यात प्रस्तावनेच्या तीन ओळी आणि पानभर ऋणनिर्देश. कामाचा पत्ता नाही, आभार आधी. त्यात मीही आहे: "माझ्या थोरल्या बहिणीने शनिवारची जबाबदारी आनंदाने उचलली." आनंदाने? मला विचारलं कोणी होतं? ते वाक्य काढून टाक. माझ्या नावावर खोटा आनंद खपवू नकोस.

कसबाचं मी सांगते, तुझ्या कार्डांवर नसेल. तू चौदा वर्षांचा होतास तेव्हा बाबा तुला फुग्यावर साबणाचा फेस लावून वस्तरा चालवायला शिकवायचे. फुगे फुगवायचं काम माझ्याकडे. गाल दुखेपर्यंत मी फुगवायचे आणि तू फोडायचास. मलाही शिकवा, असं एकदा म्हटलं तर तुम्ही दोघं हसलात. बाबांचं हसणं मी सोडून दिलं, तुझं अजून लक्षात आहे. तर आठव्या शनिवारनंतर मी फुग्यांचं पाकीट आणलं. दुपारी बाबा झोपले की स्वयंपाकघराचं दार लावून बसायचे. पहिल्या दिवशी चार फुटले. पुढच्या आठवड्यात दोन. बाबांना काही ऐकू जात नसेल असं मी धरून चालले होते.

काल साडेदहाला त्यांनी टॉवेल घडी करायला घेतला आणि मधेच थांबले. मला हाक मारली. "चार दिवस एकही फुटलेला नाही. ये," म्हणाले, आणि हनुवटी वर केली. आधी कात्रीने दाढी उतरवली, मग फेस लावला. गळ्यापाशी वस्तरा अगदी सावकाश चालवला, कुठे लागलं नाही. ते बराच वेळ गालावरून हात फिरवत बसले. मग म्हणाले, "त्याला कळवू नकोस हं. लिहितोय तो. वाईट वाटेल त्याला." अजूनही काळजी तुझीच. मी बरं म्हटलं. बाबांना दिलेला शब्द मी आजवर कधी मोडला नव्हता, तो आज मोडतेय. तुझ्यावाचून आता त्यांचं अडत नाही, तेव्हा खुशाल लिहीत बस. पण तुला वाईट वाटायला हवं होतं रे, म्हणून कळवलं.

तुझीच,
ताई