कमरेचा कोयता

रत्नागिरी, शनिवार, ९ जानेवारी १९५४

घाटावरून आलेल्या नव्या शिपायाने आज चोरीच्या संशयावरून धोंडू गड्याच्या पायात गोळी घातली. धोंडूच्या कमरेला आकडीत अडकवलेला कोयता होता. तो काढून खाली ठेवायला त्याने हात मागे नेला, एवढंच.

संध्याकाळी वकिलांच्या ओटीवर मीच तावातावाने म्हणालो, "हत्यारी माणसापुढे शिपायाने करावं तरी काय?"

इब्राहिमचाचा हळूच म्हणाले, "बागेत जाणाऱ्या कुणाच्या कमरेला कोयता नसतो रे?"

मी त्यांना गप्प केलं. का केलं?

घरी आलो तर ही म्हणाली, "आधी तो कोयता काढा, मग पाटावर बसा."

म्हणजे बागेतून निघाल्यापासून तो माझ्या कमरेलाच होता. ओटीवर जाताना तोच शिपाई वाटेत भेटला होता. मला अदबीने नमस्कार करून गेला.