शिलाई विभागाचा इंग्रजीचा तास

२ जुलै, रविवार
काल मॅनेजरसाहेबांनी परवानगी दिली. उद्यापासून शिलाई विभागातल्या बायकांना रोज अर्धा तास इंग्रजी शिकवायचं. कामाच्या वेळेतच. महिनाअखेर बघू, म्हणाले. जमलं तर तास कायम आणि मी ट्रेनिंगचं काम बघणार. नाही जमलं तर ती खोली रिकाम्या खोक्यांना देणार, आणि मी पुन्हा चादरींच्या खोक्यांवरची लेबलं टाइप करत बसणार. 'नाही जमलं' हा भाग ते नुसता बोलायचा म्हणून बोलले.

घरी फोन करून 'मी शिक्षिका झाले' असं सांगितलं. आमच्या घरात पहिली पदवी माझी. बाबांनी गवंडीकाम थांबवून ही बातमी अख्ख्या बांधकामावर सांगितली म्हणे. थोडं आधी सांगितलं गेलं, एवढंच.

सुरुवात ॲक्टिव्ह आणि पॅसिव्ह व्हॉइसपासून करायची. एबीसीडी नंतर बघू. जी बाई आयुष्यभर 'केलं जातं' मध्ये अडकली आहे, तिला 'मी करते' मध्ये आणायचं. हा विषय मला कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी समजला. इतरांना आठवीत समजतो म्हणतात, पण घाईत समजलेलं टिकत नाही.

३ जुलै
खोली भरून गेली. ऑफिसातल्या जुन्या, टेकून बसायच्या खुर्च्या तिथे ठेवल्या आहेत. बायका आत येताच धावत जाऊन त्या पकडत होत्या. शिक्षणाची एवढी ओढ मी कॉलेजातही पाहिली नाही. तासभर पुरेल असं बोलले, अर्ध्या तासात. कुणाला एकही शंका नव्हती. म्हणजे सगळ्यांना समजलं.

५ जुलै
पुस्तकातली मांजर आणि उंदीर काढून टाकले. त्यांच्याच आयुष्यातलं उदाहरण घेतलं. मावशी चादर शिवते. मावशीकडून चादर शिवली जाते. (मावशी म्हणजे विभागातल्या सगळ्यात जुन्या. त्यांना सगळ्या मावशीच म्हणतात.)

मावशींनी विचारलं, शिवणारी मीच ना दोन्हीकडे? मग एवढं लांबण कशाला लावायचं? सगळ्या हसल्या. मीही हसले, थोडी उशिरा. प्रश्न मूलभूत आहे. उत्तर तयार करून ठेवायचं.

८ जुलै
काही जणी डोळे मिटून ऐकतात. एकाग्रता. मागच्या रांगेतली चष्मेवाली मान खाली घालून विचार करते. तिच्या शेजारची घोरल्यासारखा आवाज करते, तिला सर्दी झाली असणार. सुंठ घ्यायला सांगायचं.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला डबा घेऊन त्यांच्यात बसायला बोलावलं. मी नको म्हणाले. शिकवणारीनं थोडं अंतर राखावं, नाहीतर धाक राहत नाही. माझ्या टेबलावर, फाइलींच्या कपाटाकडे तोंड करून जेवले. तिथे शांतता असते.

९ जुलै, रविवार
दिवसभर कुणाशी बोलणं झालं नाही. घशाला विश्रांती मिळाली, हे शिक्षिकेला आवश्यकच असतं. घरमालकीण काकू जिन्यात भेटल्या. नळ नीट बंद करत जा म्हणाल्या. मी हो म्हणाले. म्हणजे अगदीच बोलणं झालं नाही असंही नाही.

आईचा फोन. जेवलीस का, आणि तिथे बोलायला कोणी आहे का. मी म्हणाले, खोली भरून माणसं आहेत. मग तिलाच पॅसिव्ह समजावून सांगितला. मधेच धाकटीनं फोन घेतला आणि म्हणाली, ताई, आई केव्हाच भांडी घासायला गेली, मी पण जाऊ का?

१४ जुलै
मॅनेजरसाहेब दारातून डोकावले. बराच वेळ पाहत राहिले. नंतर म्हणाले, शांतता मात्र छान ठेवता तुम्ही. मी आभार मानले. मग त्यांनी विचारलं, त्यातल्या जाग्या किती असतात? साहेबांना विनोदाची आवड आहे हे माहीत नव्हतं.

१६ जुलै, रविवार
आज कुणाचाच फोन नाही. त्यामुळे नीट विचार करता आला.

चूक सापडली. मी ॲक्टिव्ह शिकवते आहे आणि त्या बसून आहेत! विद्यार्थी हलला पाहिजे. उद्यापासून खेळातून शिक्षण. एक बाई कर्ता, एक क्रियापद, एक कर्म. गळ्यात पुठ्ठ्याच्या पाट्या. मी टाळी वाजवली की जागा बदलायच्या. खुर्च्या मधे येतील, म्हणून त्या काढून टाकायच्या. इतकी साधी गोष्ट आजवर कुणाला सुचली नाही याचं आश्चर्य वाटतं. दुपारभर पाट्या केल्या. वेळ कसा गेला कळलं नाही.

१७ जुलै
खुर्च्या सकाळीच स्टोअरमध्ये पाठवल्या. बायका आत आल्या आणि दारातच थांबल्या. उत्सुकता.

प्रयोग उत्तम झाला. क्रियापद पाणी प्यायला गेलं ते परत आलं नाही. कर्म भिंतीला टेकून खाली बसलं. मावशींच्या गळ्यात पॅसिव्हमधलं 'बाय' (by) होतं. मला मधे कशाला उभं केलंय, असं त्यांनी दोनदा विचारलं. सहभाग जिवंत होता.

१९ जुलै
निम्म्याच आल्या. मोठी ऑर्डर आहे. शिवाय कुणाचं मूल आजारी, कुणाचे पाहुणे. उरल्या त्या खऱ्या विद्यार्थिनी. गर्दीपेक्षा लहान गट केव्हाही चांगला.

२१ जुलै
लहान गट आणखी लहान झाला. फक्त चष्मेवाली आली. खुर्च्या कुठे गेल्या, असं तिनं विचारलं. काढल्या म्हणून सांगितलं. कायमच्या? मी हो म्हणाले. ती बरं म्हणून गेली. तिला बहुधा पद्धतीबद्दल कुतूहल होतं.

२३ जुलै, रविवार
आरशासमोर सराव केला. काकूंनी दार वाजवलं. कुणी आलंय का, असं त्यांनी विचारलं. भाड्यात एकाच माणसाचं ठरलं होतं म्हणाल्या. मी एकटीच आहे हे त्यांना आत बोलावून दाखवावं लागलं. पटल्यावर लगेच गेल्या. चहा विचारणार होते.

२४ जुलै
हट्ट नको म्हणून खुर्च्या परत मागितल्या. स्टोअरवाला म्हणाला, त्या भेटायला येणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी खालच्या खोलीत गेल्या, आणि बाई, पाठवल्या तुम्हीच. रिकाम्या खोलीत अर्धा तास पूर्ण शिकवलं. मधे, कोपऱ्यात आधीच येऊन पडलेल्या एका खोक्याला प्रश्न विचारला. शिस्त मोडायची नाही.

२७ जुलै
साहेबांनी बोलावलं. तास बंद. महिना अजून संपला नव्हता, पण आठवण करून दिली नाही. अभ्यासक्रम पूर्ण झाल्यामुळे उपस्थिती कमी आहे, असं मी सांगितलं. ते म्हणाले, लेबलं तुम्ही फार व्यवस्थित करता.

आईनं फोनवर विचारलं, तुझ्या बायका कशा आहेत? मी म्हणाले, सगळ्या पास झाल्या.

२९ जुलै, शनिवार
जेवणाच्या सुट्टीत मावशी माझ्या टेबलापाशी आल्या. उभ्याच राहिल्या. मी खुर्ची दिली तेव्हा बसल्या, आणि मागे टेकून त्यांनी लांब श्वास सोडला.

"बाई, राग नका मानू," त्या म्हणाल्या. "स्टुलावर बसून बसून पाठीचं लाकूड होतं. तुमच्या तासाला तेवढं टेकायला मिळायचं. आणि आवाज तुमचा असा मऊ, डोळा कधी लागायचा कळायचंच नाही."

मला माहीत होतं, असं मी म्हणाले. माहीत नव्हतं.

"रविवारी कुणाकडे जाता?"

याचं उत्तर मी आधी मनात इंग्रजीत तयार केलं. ते बरोबर होतं. मग मराठीत सांगितलं, कुणाकडेच नाही.

"मग उद्या आमच्याकडे या जेवायला. माझ्या सुना आहेत, नातवंडं आहेत. कुणी ना कुणी बोलत असतंच."

मला फार आनंद झाला. तो दिसू नये म्हणून मी बोलत सुटले. काही विशेष करू नका, मला साधं जेवण आवडतं. मी वेळेची पक्की आहे. नातवंडांसाठी सोपी वाक्यं लिहून आणेन, जेवणाआधी थोडं शिकवेन, पण खेळ नाही, बसूनच. मावशी दोनदा काहीतरी सांगायला गेल्या, पण माझं वाक्य पूर्ण व्हायचं होतं. मग भोंगा वाजला आणि त्या मशीनवर गेल्या.

३० जुलै, रविवार
लवकर उठले. केस धुतले. नातवंडांना काहीही शिकवायचं नाही, असं ठरवलं. फक्त ऐकायचं. इस्त्रीचा ड्रेस घातला, खोलीला कुलूप लावलं, जिना उतरून रस्त्यावर आले. तिथे उभी राहिल्यावर लक्षात आलं, मावशी राहतात कुठे हे मी विचारलंच नव्हतं.