माझ्याआधी पोहोचणारा आवाज

१२ ऑक्टोबर १९९८, सोमवार
काशीत पाऊल ठेवलं. महानगरी एक्स्प्रेस वेळेवर येते असं स्टेशनमास्तरसुद्धा म्हणत नव्हता, पण आली. घ्यायला खुद्द विश्वेश्वरबाबू हजर. चौकात त्यांची बनारसी साड्यांची पेढी आहे, आणि आता ते माझे गिऱ्हाईक. गालात पान असल्यामुळे त्यांचं बोलणं निम्मं मला मिळालं, निम्मं त्यांच्या सदऱ्याला.

खोली ब्रह्माघाटावर अन्नपूर्णाबाईंच्या घरी, अगदी वरची. खिडकीतून खाली पाहिलं की पायऱ्या आणि गंगा. बाई निवृत्त शिक्षिका, एकट्या राहतात. घराणं पेशव्यांच्या वेळी इकडे आलेलं. त्यांचं मराठी ऐकून कान सुखावले. म्हणाल्या, पाणी गरम आहे, आराम से न्हा, मग गरमागरम पिठलं वाढते. मग मला नीट न्याहाळून म्हणाल्या, की काशीला माणूस पुण्यासाठी येतो नाहीतर मरायला, तुम्ही दोन्हीतले दिसत नाही. मी म्हटलं, मी स्क्रू फिरवायला आलोय.

काम सोपं आहे. पेढीचं दुकान मुंबईत, गोदाम सुरतेला. कोणती साडी कुठे आहे ही माहिती ने-आण करणारं यंत्र, म्हणजे राउटर, इथे कोठीत, म्हणजे बाबूंच्या चौकातल्या पेढीत, बसवलेलं आहेच; त्याला जुनी मरतुकडी लाइन जोडलीय. मी त्यात दोन नवी कार्डं बसवायची, एक मुंबईच्या वेगवान लाइनसाठी, दुसरं सुरतेच्या. त्याच लाइनवर पेढीचे आपसातले फोनही चालतील. कल्याणला टेलिफोनचे खांब रोवण्यापासून सुरुवात केली होती, आज असली यंत्रं उघडतो. घरी बायको, प्रभा, म्हणते, तेव्हाही पान्हा फिरवत होतात, आताही फिरवता, फक्त आता शर्ट इस्त्रीचा असतो.

१४ ऑक्टोबर, बुधवार
मुंबईचं कार्ड बसलं. पहिल्या फटक्यात हिरवा दिवा.

इतर मंडळी मीटर लावून लाइन तपासतात, मी कानाने. पलीकडचा माणूस जाणारी तार येणाऱ्या तारेला जोडून देतो, त्याला आम्ही लूप म्हणतो. मग इकडून रिसीव्हरमध्ये बोलायचं आणि आपलाच आवाज परत येताना ऐकायचा. तो कसा येतो त्यावरून सांधा कुठे कच्चा आहे हे मला कळतं. जुन्या लाइनवर आवाज रेंगाळत यायचा, विहिरीत ओरडल्यासारखा. नव्या लाइनवर तोंड उघडलं आणि आवाज कानात. स्वच्छ.

बाबूंनाही बोलायला लावलं. त्यांना काहीच ऐकू आलं नाही. मी म्हटलं, आधी पान थुंका. थुंकले, तरी नाही. पुन्हा मी बोललो, तर माझा आवाज आला. बाबू म्हणाले, मशीनसुद्धा मराठी माणसालाच ओळखतं.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार
मुंबईच्या दुकानातलं संगणकाचं सगळं मृणालिनी नावाची मुलगी बघते. तिला एसटीडी बूथवरून फोन केला, की बाई, आता तुमचा लूप काढा. ती हसायलाच लागली. कसला लूप काका, म्हणाली, आमचं मशीन अजून खोक्यात आहे, सुताराने फळीच ठोकलेली नाही.

इथल्या टेलिफोन कचेरीत गेलो. त्यांनीही काही जोडलेलं नाही. मग माझा आवाज परत येतो तो कुठून?

कोठीत येऊन पुन्हा रिसीव्हर कानाला लावला. घेणार होतो गणपतीचं नाव. तोंड उघडायच्या आत कानात माझाच आवाज आला, कांदा नको म्हणून. मी गप्प राहिलो. तेवढ्यात बाबूंनी मागून विचारलं, की जेवायला कचोरी मागवतोय, बरोबर काय काय चालेल. माझ्या तोंडून निघून गेलं, कांदा नको.

बाबूंना सांगितलं नाही. हसले असते. मीसुद्धा हसलोच, पण जरा वेळाने.

२० ऑक्टोबर, मंगळवार
दिवाळीत कोठी बंद असूनही चावी मागून घेतली. बाबू म्हणाले, असा कामसू माणूस पाहिला नाही. मला काम नव्हतं, शहानिशा करायची होती.

रिसीव्हर कानाला लावला की मी पुढे जे बोलणार ते आधी ऐकू येतं. ठरवून ते बोलायचं नाही, असं करून पाहिलं. कानात आलं, आई गं. ओठ घट्ट मिटून बसलो. पंखा बंद केला, कशाला हात लावला नाही. समोर चहाचा ग्लास होता, म्हटलं हा तरी लांब ठेवू. सरकवताना तळ निसटला आणि उकळता चहा मांडीवर. आई गं.

म्हणजे टाळायला गेलो म्हणूनच ते घडलं. ग्लास जिथे होता तिथेच राहू दिला असता तर?

प्रभाला बूथवरून फोन केला. चकली तुमच्यावाचून मऊ पडली म्हणाली. मी नुसतं हूं हूं केलं.

२२ ऑक्टोबर, गुरुवार
बाबूंना सुरतेची घाई. लग्नसराईच्या आत सुरू व्हायला हवं म्हणतात. नको म्हणायला मी काय कारण सांगणार होतो? दुसरं कार्ड बसवलं. हे पहिल्यापेक्षा कितीतरी वेगवान.

बसवल्यावर ऐकणार नव्हतो. सवयीने हात गेला.

माझा आवाज, चांगला मोठा: अन्नपूर्णाबाई, पायाखाली विंचू. कोठीत ना बाई, ना विंचू. दुपार तशीच गेली. मला वाटलं, चला, यंत्र चुकलं.

दिवेलागणीला घरी पोहोचलो. बाई जिना उतरत होत्या, आणि पायरीच्या फटीतून नांगी बाहेर. ओरडलो. त्या दचकल्या, अडखळल्या, आणि पाय नेमका त्यावरच पडला.

वैद्यांनी औषध दिलं. जीवाला धोका नाही, पण पाय सुजून भोपळा झालाय. कण्हत कण्हत म्हणाल्या, की तुम्ही चिल्लावला नसतात तर मी ती पायरी ओलांडूनच गेले असते, रोजचीच सवय आहे.

यंत्र चुकलं नव्हतं. नवं कार्ड वेगवान, म्हणून आवाज आणखी आधी पोहोचला, एवढंच.

२४ ऑक्टोबर, शनिवार


रिसीव्हर उचलला. माझाच आवाज. प्रभा.

इथे लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कोणाला कळणार नाही. मी तिला नावाने कधी हाक मारलेली नाही. आमच्यात अगं, ऐकलंस का, एवढंच. आई होती तेव्हा लाज वाटायची, पुढे तीच सवय झाली. नाव फक्त या वहीत. आणि त्या तारेवर मी ते ओरडत होतो. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा आवाज फाटला.

माझे कान मला फसवत नाहीत. उंचावरून खाली मारलेली हाक होती. मागे भिंत, समोर पाणी. घंटा वाजत होत्या. त्यानंतर काही नाही. बाबू कुलूप लावायला येईपर्यंत ऐकत बसलो. त्या हाकेनंतर माझा एकही शब्द नाही.

ती कल्याणला आहे. तिने तिकडेच राहायला हवं, बस. ती इथे नसली तर हाक कोणाला मारणार?

२५ ऑक्टोबर, रविवार
तार केली. काशीला येऊ नकोस, मी ठीक, कारण नंतर सांगेन.

फोन करायची हिंमत झाली नाही. आता बोलणंच बंद. न बोललेलं तारेवर जाऊन बसू शकत नाही. अन्नपूर्णाबाईंना कागदावर लिहून दिलं, की घसा बसलाय. त्यांना वाटलं मौन धरलंय. इथे मौन धरणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. उलट बाईंनी फराळाला शिंगाड्याचा हलवा दिला.

२७ ऑक्टोबर, मंगळवार
दोन्ही कार्डं उपटून काढली. बाबू खवळले. लिहून दाखवलं, सदोष आहेत, बदलून देतो. म्हणाले, तुमचं डोकं सदोष आहे, लिहिता काय, बोला की. मी हात जोडले.

मग त्यांनीच निरोप सांगितला. मृणालिनीचा फोन आला होता. प्रभाने मुंबईच्या दुकानात चौकशी केली होती आणि आज महानगरीत बसलीसुद्धा. म्हणाली म्हणे, मी काशीला येते असं कधी म्हटलंच नव्हतं, आणि हा माणूस तार करून येऊ नकोस म्हणतो, याला काहीतरी झालंय.

खरंच ती म्हणाली नव्हती.

मी तिला बोलावलं. मी.

२८ ऑक्टोबर, बुधवार
स्टेशनावर गेलो. तिथूनच परत पाठवणार होतो. उतरल्या उतरल्या तिने माझी हनुवटी धरली, तोंड उघडायला लावलं आणि लहान मुलाच्या घशात पाहतात तसं पाहिलं. म्हणाली, लाल तर नाही. मग लोकांसमोरच रडली.

परत कसं पाठवू.

२९ ऑक्टोबर, गुरुवार
ही वही तिला वाचायला दिली. सगळी वाचली. मग म्हणाली, इतक्या वर्षांत नावाने हाक मारली नाहीत, आता मारायची म्हणजे माझ्या जिवावरच उठून मारणार का? हसवायला म्हणाली. हसू आलं नाही, तिलाही नाही.

तिने कबूल केलंय, पाण्याकडे जाणार नाही. मंगळवारची परतीची तिकिटं मिळाली. तोवर घरात.

३१ ऑक्टोबर, शनिवार
झोप नाही. ती कुठेही वाकली, वळली, तरी उठून तिचा हात धरतो. ओठ चावून चावून फाटलेत.

ती म्हणते, अहो, एक शब्द बोला, कोणताही. तुमचा आवाज ऐकल्याशिवाय मला करमत नाही.

मान हलवतो. नाही.

आणखी दोनच दिवस —

१ नोव्हेंबर, रविवार
डोळा लागला होता. सकाळ झालीय. ती खोलीत नाही.

दाराला बाहेरून कडी. माकडं आत शिरतात म्हणून अन्नपूर्णाबाई सगळ्यांना सांगतात, जाताना कडी घाला. तिने घातली. मी झोपेत आहे म्हणून.

दार बडवलं. बाई खालून ओरडून सांगताहेत, घाबरू नका, तुमच्या मंडळी तांब्याभर गंगा आणायला गेल्यात, मीच पाठवलं, पूजा खोळंबलीय, माझा पाय उठत नाही ना. येतीलच. जिना त्यांना चढवणार नाही.

त्यांचा पाय. माझ्या ओरडण्याने —

खिडकीत आहे. ती दिसते. हिरवं लुगडं. कबूल केलं होतं तिने. पण म्हातारीला नाही कसं म्हणेल. ती कोणालाच नाही म्हणत नाही.

पावसाळ्यातल्या पुराचा गाळ अजून धुतलेला नाही. खालच्या पायऱ्या चिकट. ती जपून उतरतेय.

मोठी नाव वळतेय. दोर वरच्या खुंटाला बांधलेला, पायऱ्यांवर सैल पडलाय. नाव लांब गेली की ताणला जाईल. ती दोराच्या खालच्या बाजूला. पाठ दोराकडे.

खोलीतला तांब्या फेकला. खालच्या गच्चीवर पडला. चप्पल फेकली. घंटा चालू आहेत, कोण ऐकतंय.

दार पुन्हा. हलत नाही.

तोंडावर हात दाबून धरलाय. दुसऱ्या हाताने लिहितोय, म्हणजे तोंड —

हाक मारली तर वळेल. वळली तर दोर दिसेल. किंवा वळतानाच पाय —

नाही मारली तर दोर —

विंचू. मी ओरडलो नसतो तर ओलांडून गेल्या असत्या. ग्लास सरकवला नसता तर. पण न ओरडता गप्प बसलो आणि तिला दोर दिसलाच नाही, तर मग ती हाक कुठली? मी आधीच मारलेली आहे. मी ती ऐकलीय. मग अजून हातात काय —

वाकली. तांब्या पाण्यात.

दोर उचलला जातोय.

प्रभा वर बघ. वर. एकदा वर बघ गं

आणखी एक पायरी खाली उतरली, गाळ सोडून स्वच्छ पाणी घ्यायला — दोर तिच्या पोटरीशी —

माझा हात तोंडावरून